परसातला चेंडू

संक्रांत झाली की झाशीत जुन्या मैदानावर चुन्याच्या रेघा पडतात. मोठे सामने आता निळ्या टर्फवर होतात, तिथे रेघा कायमच्याच आखलेल्या असतात. पण शाळांच्या मॅचेस अजून मातीवर होतात आणि माळी सकाळी सकाळी चुन्याची फक्की ओढत फिरतो. या वर्षीही ओढली. मी दूध आणायला निघालो होतो, धुकं होतं, कोपऱ्यावर एक म्हातारी हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन बसली होती, आणि त्या ओल्या चुन्याचा वास नाकात गेला. दोन्ही गुडघे एकदम ठणकायला लागले. वासाने गुडघे दुखतात हे मी एकदा डॉक्टरांना सांगून पाहिलं होतं. त्यांनी कॅल्शियम लिहून दिलं.

मी राइट आउट खेळायचो. हॉकीत हा माणूस मैदानाच्या उजव्या काठाला असतो आणि काठाकाठाने पळतो. सत्तर मिनिटांत चेंडू त्याच्याकडे फार तर आठ-दहा वेळा येतो. बाकी सगळा वेळ तो नुसता पळत असतो, कारण त्याने पळणं थांबवलं तर समोरचा फुलबॅक, म्हणजे त्यांचा बचावाचा गडी, निवांत होतो आणि मध्ये जाऊन गर्दी करतो. म्हणजे न येणाऱ्या चेंडूसाठी जीव खाऊन पळणं हेच त्याचं मुख्य काम. पोटापाण्याचा उद्योग म्हणून मी हे अकरा वर्षं केलं. माझा थकवा तेव्हाचाच आहे. तो नंतर गेला नाही, अंगात मुरला.

माझी मुलगी केतकी अमेरिकेत असते. तिला मराठी समजतं सगळं, बोलते मात्र हिंदीत. झाशीत वाढलेल्या आमच्या बहुतेक मुलांचं तसंच आहे. गेल्या महिन्यात तिने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. तिकडच्या फुटबॉलचा, म्हणजे हातात घेऊन पळायच्या, लांबट चेंडूचा. खाली लिहिलं होतं, ‘बाबा, ये देखिए, बिलकुल आप!’ एक धिप्पाड माणूस निवृत्त होताना माइकसमोर रडत होता. त्याला म्हणे वाइड रिसीव्हर म्हणतात. काठाला उभं राहायचं, इशारा झाला की सुटायचं, दूरवरून आलेला चेंडू धावता धावता झेलायचा. सात वर्षांत पाच संघ झाले होते त्याचे. एकाने सोडला, दुसऱ्याने घेतला, गुडघा गेला, तिसऱ्याने घेतला. केतकीने सांगितलं की त्याच्या प्रत्येक पळण्याला एक नाव असतं, त्या नावांचं पुस्तकच पाठ करावं लागतं, आणि पुष्कळदा चेंडू त्याला द्यायचाच नसतो, फक्त समोरच्याला फसवायला तो पळतो. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. माणूस कुठला, चेंडू कसला, पण त्याच्या खांद्यांचं उतरणं माझ्या ओळखीचं होतं.

आमच्याही पळण्याला नावं होती. आमच्या म्हणजे माझ्या आणि मधूच्या. मधू खंडेराव गेटजवळ आमच्या दोन घरं पलीकडे राहायचा, माझ्याच वयाचा. तो सेंटर हाफ, मी राइट आउट; तो चेंडू पाठवणारा, मी घेणारा. शाळेपासून ही जोडी. आमची दोन्ही घराणी जुनी झाशीकर, पूर्वजांतलं कुणी तलवार घेऊन आलं, कुणी दौत घेऊन. मागे उरलं काय, तर दोन दोन खोल्या, एक पाण्याची टाकी आणि पुष्कळसे शब्द. ओटी नव्हती, पण आई म्हणायची, ‘चपला ओटीवर काढ.’ माजघर नव्हतं, परस नव्हतं. मागच्या दाराशी एक तुळस आणि सायकल मावेल एवढी जागा होती, तिलाच ती परस म्हणायची.

मधूच्या डोक्यातून निघालं की हेच शब्द मैदानावर वापरायचे. ‘ओटी!’ म्हणजे आखूड पास, थेट स्टिकवर. ‘माजघर!’ म्हणजे काठ सोडून आत घुसायचं. आणि ‘परसात!’ म्हणजे फुलबॅकच्या पाठीमागचा, गोलाच्या उजव्या अंगाचा रिकामा कोपरा. आवाज आला की मागचापुढचा विचार न करता तिकडे सुटायचं, चेंडू येईलच. सगळ्या झाशीत, कानपुरात, लखनौत मैदानावर हे कुणाला कळायचं नाही. मराठी ही आमची घरात बोलायची भाषा, बाहेरच्याला ती येत असेल असं आमच्या स्वप्नातही नव्हतं. आमचा सेंटर फॉरवर्ड रफीक तर वैतागायचा. म्हणायचा, “पंडितजी, ये परसों-परसों क्या चिल्लाते रहते हो? मैच तो आज है!”

तर त्या हिवाळ्याची गोष्ट. तेव्हा आम्ही दोघं एका कारखान्याच्या संघात करारावर होतो. तिसरं वर्ष संपत आलं होतं. पक्क्या नोकरीची जागा त्या साली एकच निघाली होती आणि ती आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार हे खेळ अधिकाऱ्यांनी तोंडावर सांगितलं होतं. बाकीचे पक्के होते, रफीकसुद्धा. पक्कं होणं म्हणजे काय, ते खेळणाऱ्यालाच कळतं. पाय आहेत तोवर मैदान, पाय गेले की टेबल, आणि कुणी ‘अब क्या करते हो’ असं विचारलं तर सांगायला एक वाक्य. आम्ही दोघांनी आपसांत त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. सकाळी साडेपाचला मी त्याच्या दाराशी शीळ घालायचो, तो मफलर गुंडाळत बाहेर यायचा, आणि आम्ही धुक्यातून मैदानाकडे पळत सुटायचो. रस्ताभर तो बडबडायचा. त्या हिवाळ्यात गप्प असायचा, एवढाच काय तो फरक.

स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. ‘परसात’ने आम्हाला फायनलपर्यंत नेलं. उपांत्य सामन्यात मी तीन गोल केले, इलाइट चौराह्यावरच्या चहावाल्याने दोन दिवस आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. फायनलला समोर महाराष्ट्रातून आलेला एका खात्याचा संघ होता. हा संघ स्पर्धेत आहे हे आम्हाला आठ दिवस आधीपासून माहीत होतं. बोर्डावर खडूने लिहिलेलं होतं, आम्ही ते येता-जाता वाचत होतो. मधूची आई म्हणालीसुद्धा, “आपली माणसं आलीयेत रे, एकदा घरी जेवायला बोलवा.” तरी आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात उजेड पडला नाही. आजही कुणाला सांगितलं तर पटत नाही. पुण्यातला माणूस तर हसून हसून मरेल. पण आम्हाला दोष तरी किती द्यायचा? जिथे भाजीवाल्यापासून मास्तरांपर्यंत कुणालाच आपली भाषा कळत नाही, तिथे वाढलेल्याला ती आपल्या दोघांचीच वाटते.

पहिल्या पाच मिनिटांत मधू ओरडला, “परसात!” मी सुटलो. कोपऱ्यात पोचलो तर तिथे त्यांचा फुलबॅक आधीच उभा. ठेंगणा, रुंद, मिशीवाला, वयाने आमच्यापेक्षा बराच थोर. चेंडू त्याने आरामात अडवला आणि दिला मारून. मला वाटलं, योगायोग. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच झालं, आणि तो चेंडू टोलवून झाल्यावर माझ्याकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाला, “काय पावणं, परसात काय ठेवलंय? म्हस बांधलीय व्हय?”

लाज वाटली ती पकडलं गेल्याची तर होतीच. पण हा शब्द माझ्या आईच्या तोंडचा, आणि हा परका माणूस तो आपल्या घरचा असल्यासारखा वापरत होता. त्याचं परस खरं होतं, त्यात खरोखरीची म्हैस असणार. आमचं परस म्हणजे एक तुळस. हे सगळं धावता धावता डोक्यात आलं, आणि त्याच गोंधळात एक चेंडू थेट माझ्याकडे आला. मी मोकळा होतो, गोल समोर होता, काही म्हणजे काही करायचं नव्हतं, फक्त थांबवून मारायचा होता. तो माझ्या स्टिकखालून निघून गेला. पंडालातून ‘अरे!’ असा आवाज आला. तिथेच पहिल्या रांगेत खेळ अधिकारी मांडीवर वही ठेवून बसले होते.

हाफ टाइमला आम्ही एका गोलाने मागे होतो. संत्र्याच्या फोडी वाटल्या गेल्या. आमचे कोच बरुआसागरकडचे, ठेठ बुंदेली बोलायचे. मला म्हणाले, “काए पंडित, का हो गओ? सांस फूल गई?” मी सांगितलं की त्यांना आमची भाषा कळतेय. कोच म्हणाले, “तो अब मूं बंद करके खेलो, और का!”

“नहीं,” मी म्हणालो, “अब और ज़ोर से चिल्लाएँगे.”

योजना माझी होती. ती तेवढी माझीच. मधूने गळा फाडून ‘परसात’ ओरडायचं, मी जीव तोडून कोपऱ्याकडे सुटायचं, तो म्हशीवाला फुलबॅक माझ्यामागे येणार म्हणजे येणारच, आणि त्याने सोडलेल्या जागेत चेंडू जायचा रफीककडे. कोच खूश झाले. मधूने माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाला, “अरे, मग तुला तर बॉल मिळायचाच नाही.” मी हिंदीत म्हणालो, “न मिले तो न मिले. जीतना है ना?” हे वाक्य रफीकने ऐकलं, कोचने ऐकलं, आणि पुढे ते खूप लांबवर गेलं.

पस्तीस मिनिटं मी पळालो. दर वेळी आवाज आला की कोपऱ्याकडे, तिथून परत, पुन्हा कोपऱ्याकडे. म्हशीवाला बिचारा माझ्याबरोबर पळत राहिला. रफीकने दोन गोल केले. दोन्ही चेंडू मधूचे, असे सुरेख की पंडालातले साहेब उभे राहिले. मी चेंडूला एकदाही हात लावला नाही, म्हणजे स्टिक लावली नाही. सामना संपल्यावर म्हशीवाल्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, “लई पळालास गड्या, कशापाई?” आम्ही जिंकलो होतो. पंधरा दिवसांनी नोटीस लागली आणि जागा मधूला मिळाली.

पुढचं माझं खेळणं म्हणजे पिशवी भरणं आणि पिशवी रिकामी करणं. ग्वाल्हेरच्या एका मिलचा संघ, तिथून कानपूर, मग दोन हंगाम भोपाळ, मग जो बोलावील त्याच्याकडे पाहुणा खेळाडू. प्रत्येक ठिकाणी नवा सेंटर हाफ, त्याची सवय होईतो हंगाम संपायचा. एकतिसाव्या वर्षी गुडघा गेला, तोही चेंडूपासून वीस पावलं दूर असताना. पडल्याचं कुणाच्या लवकर लक्षातही आलं नाही. त्यानंतर मऊरानीपूरच्या एका खासगी शाळेत खेळाचा मास्तर झालो. सव्वीस वर्षं सकाळची बस. पोरं ‘मास्साब’ म्हणायची, मी शिट्टी वाजवायचो. वाईट काही नव्हतं. संध्याकाळी परतताना बसच्या खिडकीला डोकं टेकलं की लगेच झोप लागायची, झाशी आल्यावर कंडक्टर उठवायचा.

माझी बायको सुनंदा साताऱ्याची. लग्न होऊन आली तेव्हा आमचं बोलणं ऐकून म्हणायची, “तुमची मराठी म्हणजे हिंदीला नेसवलेलं नऊवारी.” तिला ही फायनलची गोष्ट मधूनेच सांगितली, आणि तो जिथे जाईल तिथे सांगायचा. गणपतीत, मुंजीत, कारखान्याच्या कँटीनमध्ये. ‘श्रीकांतने स्वतःची नोकरी मला दिली,’ असं माझं नाव घेऊन. सुनंदाला त्याचा अभिमान वाटायचा. पगार वेळेवर झाला नाही की ती चिडायची आणि मग स्वतःच म्हणायची, “जाऊ दे. तुमच्यासारखं मन कुणाचं असतं?” अशा वेळी मी उठून पाणी प्यायला जायचो. तहान नसायची.

मागच्या आठवड्यात मधू निवृत्त झाला. कारखान्याच्या हॉलमध्ये समारंभ होता. भाषणात तो हिंदीत म्हणाला की माझी छत्तीस वर्षांची नोकरी माझ्या या भावाने मला दिली, आणि सगळ्यांदेखत खाली उतरून माझ्या पायांना हात लावला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला शाल पांघरली, नारळ दिला. शेजारी सुनंदा पदराने डोळे टिपत होती. मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला घेऊन जुन्या मैदानावर गेला. ऊन छान पडलं होतं, शाळेच्या मुलींची मॅच चालली होती. आम्ही दगडी पायरीवर बसलो, त्याने पेरू आणले होते, तिखटमीठ लावलेले. तो बडबडत होता, आता सकाळी रोज फिरायला जाऊ, शीळ घाल आणि काय काय. मला ते ऐकवेना. मी म्हणालो, “मधू, तू परत कुठे ती गोष्ट सांगू नकोस.”

“का?”

“खरी नाही ती. मी त्याग-बिग काही केला नाही. पहिल्या हाफात तो चेंडू सुटला ना माझा, त्यानंतर मला चेंडू नकोच होता. भीती बसली होती. आणि दमलो होतो रे. त्या मॅचमध्येच नाही, एकंदरीतच दमलो होतो. न येणाऱ्या चेंडूमागे पळालं तर तो सुटला असं कुणी म्हणत नाही. म्हणून मी ती युक्ती काढली.”

इतकं बोलून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मुलींच्या गर्दीतून शिट्टी वाजली, फ्री हिट झाली, खेळ पुढे सरकला. मग मधू म्हणाला, “मला मालूम होतं.”

“काय मालूम होतं?”

“तुझा चेहरा. शाळेपासून बघतोय. आता माझं ऐक. सेकंड हाफात दोनदा तू एकदम खाली, मोकळा होतास. तो म्हशीवाला पहिलवान तुला सोडून रफीककडे गेला होता, सगळा कोपरा खाली. एकदा पहिल्या गोलाच्या आधी, एकदा बाद में. मी बघितलं. बॉल माझ्याकडे होता. नाही दिला.”

“योजनाच तशी होती.”

“योजना गेली खड्ड्यात. राइट आउट खाली दिसला तर हाफ विचार करतो का? हात आपोआप मारतो. मी हात धरला. का धरला ते सांगता येत नाही, श्री. कधी वाटतं, तुझा चेहरा बघून. कधी वाटतं, पंडालात साहेब बसले होते म्हणून. छत्तीस साल झाले, दोन्ही खरं वाटतं. म्हणून तर सगळ्यांना सांगत फिरतो की तू दिलीस. माझ्या हाताने घेतली असं कसं सांगू?”

मला राग आला. खरं सांगायचं तर चांगलाच आला. ग्वाल्हेर, कानपूर, भोपाळ, सव्वीस वर्षांची बस, सगळं एका रांगेत डोळ्यांपुढून गेलं. उठून जावं असं वाटलं. पण गुडघ्यांमुळे मला झटकन उठता येत नाही, आणि हळूहळू उठून रागाने जाणं काही जमण्यासारखं नव्हतं. मी बसून राहिलो. त्याने विचारलं, “राग आला?” मी म्हटलं, “आला.”

मग त्याने आणखी एक विचारलं, माझ्याकडे न बघता, लहान मुलासारखं. “दिला असता तर घेतला असतास?”

मी आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्या दोन वेळा मला आठवेनात. मोकळा कोपरा आठवेना, म्हशीवाला बाजूला नसल्याचं आठवेना. आठवत होती फक्त पायांखालची माती, चुन्याची रेघ आणि माझे स्वतःचे बूट. राइट आउटला पहिल्या दिवशी शिकवतात की पळताना मान वळवून चेंडूकडे बघत राहायचं. मी त्या पस्तीस मिनिटांत एकदाही मान वळवली नव्हती.

“नाही,” मी म्हणालो. “मी मागे बघतच नव्हतो, मधू.”

तो चष्मा काढून रडायला लागला, साठीचा माणूस, भर दुपारी, मैदानाच्या पायरीवर. मुली वळून बघायला लागल्या. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसलो. मला फार दमल्यासारखं झालं होतं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दमण्याची लाज वाटली नाही.